हा कुठे चाललाय?

जाळी गायब करणं तसं अवघड नाही. लेन्स पूर्ण झूम करायची, अ‍ॅपर्चर जमेल तेवढं उघडायचं, बाहेरचा कठडा न ओलांडता जाळीच्या शक्य तितकं जवळ जायचं आणि प्राणी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाईपर्यंत थांबायचं. ऊन जाळीवर पडत नाही अशी बाजू निवडायची. मग तारा इतक्या धूसर होतात की फोटोत दिसतच नाहीत. फार तर एक दुधट पडदा उरतो, तो एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला की जातो. काच असेल तर लेन्सचं रबरी हूड काचेला टेकवायचं आणि गडद रंगाचा शर्ट घालायचा, नाहीतर वाघाच्या पोटावर आपलाच चेहरा दिसतो. फ्लॅश कधीच नाही.

गेली पाच-सहा वर्षं माझा हा छंद आहे. ऑफिसच्या कामाने, कुणाच्या लग्नाने, कुठल्याही निमित्ताने ज्या शहरात जाईन तिथलं प्राणीसंग्रहालय बघायचं आणि फोटो काढायचे. म्हैसूर, चेन्नईजवळचं वंडलूर, कोलकात्याचं अलिपूर, दार्जिलिंग. घरचं कात्रज तर आहेच (बुधवारी बंद असतं, हे मला ऑफिसच्या सुट्ट्यांपेक्षा पक्कं पाठ आहे). आई म्हणते, "पैसे खर्चून पिंजरेच बघायला जातोस?" फोटोग्राफी करणारे मित्र ताडोबाला जातात. त्यांच्या लेखी माझा छंद म्हणजे मत्स्यालयात गळ टाकून बसणं.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांमध्ये बंदिस्त प्राण्यांचे फोटो चालत नाहीत. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चा २००९ चा विजेता फोटो रात्री फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. फोटो तोच, उडी तीच, प्रकाश तोच. तरी लांडगा पाळलेला असेल तर फोटो खोटा, असं आपल्या सगळ्यांना वाटतं. मग मी जाळी गायब करतो तेव्हा नेमकं काय करत असतो?

हे काम कॅमेऱ्याच्या आधी वास्तुरचनेने केलंय. कार्ल हागेनबेक हा जर्मन प्राणीव्यापारी. त्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला एक प्राणीउद्यान उघडलं. तिथे गज नव्हते. कुठला प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारू शकतो याचा अंदाज घेऊन त्याने खंदक खणले. बघणाऱ्याला ते दिसू नयेत अशी मांडणी केली. समोर हरणं, मागे सिंह, त्यामागे कृत्रिम डोंगर, सगळं एकाच नजरेत. लोक खूश झाले. याच हागेनबेकने १८७० च्या दशकापासून लॅपलंड, ग्रीनलंड आणि सिलोनमधली माणसंही अशीच प्रदर्शनात मांडली होती, तीही 'नैसर्गिक वातावरणात'. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या प्राणीसंग्रहालयांत वाघासमोर गज नसतात, खंदक असतो किंवा काच असते. खंदकाने प्राण्याला कदाचित थोडी मोठी जागा मिळते. बघणाऱ्याची मात्र खात्रीने सोय होते: आपण तुरुंग बघतोय असं त्याला वाटत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, सोपं आहे, जाळी फोटोत ठेव, प्रामाणिकपणा झाला. मी काही दिवस तसं करून पाहिलं. जाळीवाला फोटो लगेच पोस्टरसारखा दिसायला लागतो: गजाआडचे करुण डोळे. ते डोळे करुण आहेत की प्राण्याला फक्त झोप आलीय, हे त्या फोटोतून कळत नाही. दुःखाची जाहिरात करणंही एक प्रकारचं एडिटिंगच आहे.

माझ्यासाठी हा प्रश्न जाळीवरून हलला तो एका बिबट्यामुळे. शहराचं नाव देत नाही. संध्याकाळची वेळ, मऊ प्रकाश, आणि बिबट्या चालत होता. त्याचे मी तीनेकशे फोटो काढले. त्यातला एक खरोखर चांगला आला. पुढचा पाय उचललेला, नजर समोर, मागे हिरवा धूसर पट्टा. घरी टीव्हीवर फोटो दाखवत होतो, तर माझा सात वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, हा कुठे चाललाय?"

प्रत्येक फोटोसोबत तो काढल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. रात्री मी दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि बिबट्या एका ठरावीक दगडापाशी किती वेळाने परत येतो ते काढलं. सव्वीस ते अठ्ठावीस सेकंद. बावीस मिनिटांत अठ्ठेचाळीस फेऱ्या. पाऊल दर वेळी त्याच जागी, मान त्याच कोपऱ्यात वळलेली. तो कुठेच चालला नव्हता.

या येरझाऱ्यांना प्राणीशास्त्रात नाव आहे, स्टिरिओटिपी. तेच ते, हेतू नसलेलं वागणं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की जे मांसाहारी प्राणी जंगलात दूरवर भटकतात, तेच बंदिवासात सगळ्यात जास्त येरझारा घालतात आणि त्यांचीच पिल्लं जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाला प्राणीसंग्रहालयात साधारण मिळणारी जागा ही त्याच्या जंगलातल्या किमान वावराच्या जवळजवळ दहा लाखाव्या भागाएवढी असते, हा आकडा त्यांचाच.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. त्या दिवशी तिथल्या एका राखणदाराने मला आपुलकीने सांगितलं होतं, "पाचच्या सुमाराला थांबा साहेब, खाणं यायच्या आधी तो फिरतोच. फोटो मस्त मिळतो." आणि खरंच मस्त मिळतो. प्राणी जागा असतो, उभा असतो, ठरलेल्या वाटेने येतो, त्यामुळे फोकस आधीच लावून ठेवता येतो. आम्ही छंदवाले याला 'प्राणी अ‍ॅक्टिव्ह आहे' असं म्हणतो. म्हणजे फोटोसाठी जो सगळ्यात सोयीचा, तो सगळ्यात त्रासलेला असण्याची शक्यता मोठी. उलट दार्जिलिंगला, १९५८ साली सुरू झालेल्या पद्मजा नायडू प्राणीउद्यानात, मी रेड पांडासाठी चार तास उभा होतो. थंडी त्याच्या सवयीची, झाड त्याच्या आवडीचं, लपायला फांद्या भरपूर. माझ्याकडे शेपटीचे एकोणीस फोटो आहेत. फोटोग्राफर म्हणून तो दिवस वाया गेला. त्याच उद्यानात जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या होत्या. ज्या प्राण्याला लपता येतं तो आपल्याला दिसत नाही, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला दिसणंच हवं असतं. म्हणून तर लोक काचेवर टकटक करतात, खडे मारतात. मी टकटक करत नाही, पण मला हवं असतं तेच, जे त्यांना हवं असतं.

मग जातोसच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. 'मी तिकीट काढलं नाही म्हणून बिबट्या सुटणार आहे का' हे उत्तर मला पुरत नाही, कारण पुढच्या प्राण्याची मागणी माझं तिकीटच तयार करतं. पण 'सगळ्यांना सोडून द्या' हेही मला पटत नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. उसात, विहिरीत, वस्तीत सापडलेले बिबटे तिथे येतात, आणि त्यातले काही परत सोडण्याजोगे नसतात. पुण्यातल्या अकराव्या मजल्यावरून 'सोडा' म्हणणं सोपं आहे. ज्याची लेकरं उसाच्या कडेने शाळेत जातात, त्याला विचारून बघा. काही प्राणी आपल्याकडे राहणारच आहेत. मग कसे, हा प्रश्न उरतो.

हायनी हेडिगर या स्विस प्राणीशास्त्रज्ञाने बर्न, बाझल आणि झुरिकची प्राणीसंग्रहालयं चालवली. तो म्हणायचा की जंगलातला प्राणीही मोकळा नसतो. हद्द, शत्रू, भूक, कळपातली जागा, या सगळ्यांनी तो बांधलेला असतो. मला हे बरंचसं पटतं. 'स्वातंत्र्य' हा शब्द आपण बिबट्याला फार सहज चिकटवतो. पण हद्दीत त्याला काम असतं. वास घ्यायचा, खूण करायची, दबा धरायचा, दहादा चुकायचं, अकराव्यांदा जमवायचं.

आमच्या क्षेत्रात 'बेंच' नावाचा प्रकार असतो. प्रोजेक्ट संपलं, नवं मिळालं नाही, तरी पगार चालू, एसी चालू, कँटीन चालू. पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या आठवड्यात माणूस कँपसला विनाकारण फेऱ्या मारायला लागतो, दर दहा मिनिटांनी मेल बघतो, कॉफी मशीनपाशी जाऊन कॉफी न घेता परत येतो. कोणीही त्याला कोंडलेलं नसतं. मी सव्वादोन महिने बेंचवर होतो आणि माझी वाट कुठल्या टाइलवरून जायची हे अजून सांगू शकतो. माझी आणि बिबट्याची बरोबरी करण्याचा हा प्रकार नाही. मला राजीनामा देता आला असता.

१९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांसमोर दोन पर्याय ठेवले: वाटीत आयतं अन्न, किंवा कळ दाबून मिळणारं अन्न. बरेच उंदीर वाटी भरलेली असतानाही कळ दाबायला गेले. पुढे हाच कल कितीतरी प्राण्यांत दिसला (घरातली मांजरं मोठा अपवाद, त्यांना आयतंच आवडतं). चांगली प्राणीसंग्रहालयं म्हणून अन्न लपवून ठेवतात, बर्फात फळं गोठवून देतात, नवे वास आणून टाकतात. अनोळखी ठिकाणी गेलो की मी आता आधी हे शोधतो. आणि प्राण्याप्राण्यांत फरक करतो. हत्तीला प्राणीसंग्रहालय पुरणारच नाही, हे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच मानलं आणि हत्ती हलवण्याचे आदेश दिले. तरी काही ठिकाणी ते अजून आहेत.

पांढऱ्या वाघाचे फोटो मी काढत नाही. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून, त्याच्याच मुलीशी त्याचं मीलन घडवून, हे वाघ वाढवले गेले. त्यांच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणी बिघडलेली असते, म्हणून अनेकांचे डोळे तिरळे दिसतात. जंगल वाचवण्यात त्यांचा काही उपयोग नाही. ते आहेत कारण ते फोटोत छान दिसतात. त्या मागणीत माझ्या एका क्लिकचीही भर नको.

बाकी कुठेही मी आता कॅमेरा बाहेर काढण्याआधी वीस मिनिटं नुसता बघतो, घड्याळ लावून. जाळी अजूनही गायब करतो, ते कौशल्य मला आवडतं. पण प्राणी येरझारा घालत असेल तर त्याचा एकटा देखणा फोटो कुणाला पाठवत नाही. पाठवलाच तर सगळ्या फेऱ्यांचे, वेळेसकट, एका चौकटीत बसवून. बिबट्याचे अठ्ठेचाळीस फोटो मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकले तेव्हा एकाने विचारलं, "एकच फोटो परत परत आलाय, नेट अडकलं का?"

दिवाळीनंतर जुनागढला जायचा विचार आहे. तिथलं सक्करबाग १८६३ चं, गीरच्या सिंहांच्या प्रजननासाठी नावाजलेलं. सिंह जंगलातसुद्धा दिवसाचे वीस-वीस तास पडून असतो, त्यामुळे तिथे माझी स्क्रिप्ट फारशी कामाची नाही. पडून असलेल्या सिंहाचं नेमकं काय मोजायचं, ते अजून ठरलेलं नाही.