तिसरा विषय सोडण्याआधी

यंदा साताऱ्यातल्या एका परिसंवादात एका ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञांनी ठणकावून सांगितलं, की ग्रामीण मुलांना विषय निवडायला वेळ देणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं. पुण्या-मुंबईच्या मुलाला चाचपडणं परवडतं, पाटणच्या मुलाला परवडत नाही. त्याची वाट दहावीलाच ठरवा, हाताला काम शिकवा, लवकर कमावता करा. टाळ्या पडल्या. मला त्या विधानाचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

वादाचं निमित्त होतं नवं शैक्षणिक धोरण. राज्य सरकारच्या १३ मार्च २०२४च्या निर्णयाने संलग्न महाविद्यालयांत जी रचना आली, तिच्यात पदवीच्या पहिल्या वर्षी मुलं तीन विषय बरोबरीने शिकतात. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मुख्य होतो, एक दुय्यम राहतो आणि तिसरा सुटतो. अठराव्या वर्षी ‘माझं अजून ठरलेलं नाही’ असं म्हणण्याची मुभा या रचनेने कागदावर आली. तीच मुभा या गृहस्थांना खुपते आहे.

पाटणच्या मुलाची वाट लवकर ठरवा, असं ते म्हणतात. ती इतके दिवस उशिरा ठरत होती की काय? या डोंगरी तालुक्यातली पोरं मिसरूड फुटायच्या आत मुंबईची गाडी धरत आली. माथाडी कामगारांना ज्यांनी संघटित केलं ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९चा माथाडी कायदा त्या लढ्यातून आला. त्या कायद्याने पाठीवरच्या ओझ्याला मोल मिळालं. पण पाठीवर ओझं घ्यायचं की नाही, हे त्या पोरांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

आज पाटणच्या मुलाला विचारा, पुढे काय करणार? पोलीस, आर्मी, एमपीएससी, डीएड, नर्सिंग. यादी एवढीच. दोष मुलाचा नाही, त्याने जवळून पाहिलेली माणसं एवढीच आहेत. आता त्याच्या घराभोवती काय आहे ते बघा. कोयनेचं धरण आणि डोंगराच्या पोटातली वीजनिर्मिती. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप, ज्याच्यामुळे जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेतात. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध तपासायला गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं आणि त्या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा. वर जंगलात २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. भूगोल, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, यांतला एकही विषय असा नाही की ज्याचा मोठा प्रश्न या खोऱ्यात पडलेला नाही. आणि इथला मुलगा अर्जावर विषय लिहितो तो मित्राने लिहिला म्हणून.

दहावीला वाट ठरवण्याचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. २०१६ पासून काही वर्षं राज्यभर दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. मुलाने प्रश्नावली भरली, कागदावर त्याचा कल छापून आला. तो कागद हातात घेऊन मुलाशी तासभर बोलणारं माणूस मात्र बहुतेक शाळांत नव्हतं. पुढे ती चाचणीही बंद पडली.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र आपण वर्धापनदिनाच्या भाषणापुरतं ठेवलं आहे. जरा वर्षं लावून बघा. जन्म १८८७चा. मॅट्रिक झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगले काच कारखान्याच्या मालाची विक्री केली, किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव फिरले, कूपरच्या कारखान्याशी संबंध आला. रयत शिक्षण संस्था काल्यात स्थापन झाली ती १९१९ मध्ये, म्हणजे त्यांच्या बत्तिसाव्या वर्षी. पंचविसाव्या वर्षी त्यांना कोणी ‘तुझं नक्की काय ठरलंय?’ असं विचारलं असतं, तर लोकांना पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पण नांगर विकायला गेलेल्या माणसाने रयतेचं घर आतून पाहिलं, आणि पुढचं सगळं काम त्या पाहण्यातून उभं राहिलं. त्या फिरण्याला वाया गेलेली वर्षं कोण म्हणेल?

इथवर मी मोकळ्या निवडीच्या बाजूने बोललो. पण भाऊरावांचा दाखला तिथेच थांबवता येत नाही. आपल्या वाट्याला आलेली वणवण त्यांनी रयतेच्या पोरांना शिफारस म्हणून दिली नाही. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं. तिथे मुलगा काय खातो, कशात रमतो, कुठे अडतो, हे माहीत असलेलं माणूस होतं.

हार्वर्डचा इतिहासही याच वळणाने गेला. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये तिथला अध्यक्ष झाला. चाळीस वर्षांत त्याने सक्तीचे विषय जवळजवळ मोडीत काढले. तरुणाला आपली आवड कळते, यावर त्याचा विश्वास होता. मोठ्या मनाचा विश्वास तो, पण बरीच मुलं सोपे विषय गोळा करून बाहेर पडू लागली. १९०९ मध्ये त्याच्या जागी आलेल्या लॉवेलने एका विषयात खोल जाण्याची अट घातली आणि पुढे ट्यूटरची पद्धत रुजवली. मी वृत्तीने एलियटचा, पण पाटणकडे पाहिलं की लॉवेलचं ऐकावं लागतं. सोबतीला कोणी नसेल, तर मोकळीक ज्याच्या घरी आधीच शिकलेली माणसं आहेत त्याच्याच कामी येते.

आणि आपल्याकडे सोबतीला कोण आहे? विषय मुख्य करायला मुलं आली नाहीत तर विभागाचा वर्कलोड कमी होतो, वर्कलोड गेला की पद धोक्यात येतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक विभाग मुलांना आपल्याकडे ओढतो. ज्याची नोकरी मुलाच्या निवडीवर टांगलेली आहे, त्याच्याकडून निरपेक्ष सल्ला कसा मिळणार? मी त्या प्राध्यापकांना बोल लावत नाही, त्यांना या कोंडीत भरतीबंदीने आणि धोरणाने घातलं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची गोष्ट आणखी कठीण. त्याला पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात, तास संपल्यावर दारात थांबलेल्या मुलीशी बोलण्याचे मिळत नाहीत.

असं कोणी बोललं नाही की काय होतं ते पाहा. पाटणजवळच्या मोरगिरी खोऱ्यातल्या एका मुलीने भूगोल सोडला. गुण चांगले होते, नकाशा वाचायला तिला आवडायचं. कारण विचारलं तर म्हणाली, “सर, प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं आणि आमची गाडी चारची. पुढची गाडी अंधारात पोचते, घरचे नको म्हणतात.” तिची निवड एसटीच्या वेळापत्रकाने केली. प्रॅक्टिकल सकाळी घेतलं असतं तर ती आज भूगोलात असती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात येणं हे कोणाचंच काम नव्हतं.

परिसंवादातल्या त्या गृहस्थांचं एक म्हणणं मला मान्य आहे: या मुलांना वर्ष वाया घालवणं परवडत नाही. म्हणूनच ते वर्ष राखलं पाहिजे. पाटणचेच बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना गरीब पालकांच्या मुलांना फीमाफीची सवलत आली आणि हजारो घरांत पहिला पदवीधर झाला. दाराशी फी आडवी होती, ती त्यांनी काढली. आज मूल आत येतं आणि आत त्याला विचारणारं कोणी नसतं.

उच्च शिक्षण विभागाकडे आणि शिवाजी विद्यापीठाकडे माझी मागणी साधी आहे. पहिल्या वर्षाच्या ठरावीक मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक द्या, त्याचे हे तास वर्कलोडमध्ये धरा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्यांचे पैसे द्या. मूल कोणताही विषय घेवो, त्या शिक्षकाच्या पदाला धक्का लागणार नाही याची लेखी हमी द्या. मुलांना एकदा तरी कोयनेचं वीजगृह, कराडची भूकंप प्रयोगशाळा, व्याघ्र प्रकल्पाचं काम दाखवून आणा. आणि तिसरा विषय सोडण्याच्या अर्जावर सही होण्याआधी त्या मुलाशी कोणी बोललं आहे की नाही, हे तपासा.

नव्या रचनेतली पहिली तुकडी दुसऱ्या वर्षात गेली, तिचा तिसरा विषय सुटला. पुढच्या तुकडीचा येत्या जूनमध्ये सुटेल. परिपत्रक त्याआधी निघावं.