मत बदलणारा माणूस खोटा असतो काय?

धर्मांतर करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘कशाच्या लोभाने गेलास?’ आणि दुसरा, ‘आज जे खोटे म्हणतोस ते काल खरे म्हणून कसे मानत होतास?’ पहिल्याचे उत्तर हिशेबाने देता येते. काय गेले आणि काय मिळाले ते मांडून दाखवले की विचारणारा गप्प बसतो. दुसरा प्रश्न मात्र बोचरा आहे, कारण तो माणसाच्या सचोटीलाच हात घालतो. त्याचा विचार करण्यासाठी मी येथे एका कॅथलिक कार्डिनलचे चरित्र घेत आहे. वाचकबंधुभगिनी विचारतील, पोपच्या माणसाशी आपला काय संबंध? त्याचा ईश्वर आणि त्याचा पोप आपल्याला मान्य नाहीत हे खरेच. पण हा दुसरा प्रश्न त्याच्या तोंडावर भर बाजारात फेकला गेला होता आणि त्याने तो टाळला नाही, एवढा संबंध पुरेसा आहे.

जॉन हेन्री न्यूमन १८०१ साली लंडनमध्ये जन्मला. वडिलांची बँक १८१६ साली बुडाली आणि घराला उतरती कळा लागली. पोरगा हुशार होता. १८२२ साली तो ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा फेलो झाला आणि १८२८ साली तेथील सेंट मेरीज या विद्यापीठाच्या चर्चचा धर्मगुरू. त्याची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. १८३३ पासून त्याने आणि केबल, प्यूसी वगैरे मित्रांनी पुस्तिका काढून चळवळ उभी केली. चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारचे एक खाते नव्हे, ती प्राचीन ख्रिस्ती परंपरा आहे, असे त्यांचे म्हणणे. रोमचे चर्च भ्रष्ट झालेले आहे, असे न्यूमन तेव्हा लिहीत होता, आणि कडक शब्दांत लिहीत होता.

१८३९ च्या उन्हाळ्यात तो पाचव्या शतकातील धर्मवादांचा इतिहास वाचत होता. वाचता वाचता त्याला दिसले की त्या काळी पाखंडी ठरलेल्या पक्षाची जी जागा होती, तीच आज आपली आहे. हे त्याला कोणी सांगितले नाही, की फितवले नाही. त्याने स्वतः अभ्यासासाठी उघडलेल्या ग्रंथांनीच त्याला उलट साक्ष दिली.

आता पाहा, या माणसाने पुढे काय केले. तो दुसऱ्या दिवशी रोमला गेला नाही. सहा वर्षे थांबला. १८४१ साली नव्वदावी पुस्तिका लिहून त्याने आपल्या चर्चची एकोणचाळीस कलमे कॅथलिक अर्थाने वाचता येतात असे दाखवण्याचा प्रयत्न केला. त्यावर गहजब झाला, विद्यापीठातील कॉलेजप्रमुखांनी निषेध केला. १८४३ च्या आरंभी रोमविरुद्ध वापरलेले कडक शब्द त्याने जाहीरपणे मागे घेतले, आणि सप्टेंबरात सेंट मेरीजची जागा सोडली. ज्या पीठावरून बोलायचे, त्या पीठाविषयीच मनात शंका असेल, तर तेथे उभे राहू नये, हा त्याचा हिशेब. मग लिटलमोर या खेड्यात तो साधा माणूस म्हणून दोन वर्षे राहिला. ऑक्टोबर १८४५ मध्ये फेलोशिपचा राजीनामा दिला. ८ ऑक्टोबरच्या रात्री डॉमिनिक बार्बेरी हा इटालियन धर्मगुरू पावसात भिजत तेथे पोचला, आणि ९ तारखेला न्यूमन कॅथलिक झाला. त्याने मांडायला घेतलेला ग्रंथ तेव्हा अपुराच होता. पुस्तक संपण्याआधी निर्णय झाला.

त्याला मिळाले काय? त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक म्हणजे परकी निष्ठेचा माणूस. १८२९ साली त्यांना पार्लमेंटचे दार उघडले होते, पण ऑक्सफर्डची पदवी घ्यायची तर एकोणचाळीस कलमांवर सही करावीच लागे. न्यूमनचे ऑक्सफर्ड सुटले, मित्र तुटले. हॅरिएट या बहिणीने त्याच्याशी संबंध तोडला. ती १८५२ साली वारली, तोवर समेट झाला नाही. येथे एक फरक मात्र विसरता कामा नये. न्यूमन वरच्या पायरीवरून उतरला. त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते, की देवळाच्या दारात अडवले नव्हते. माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, फक्त सत्याचा होता. दोन्ही प्रश्न एकदम समोर असणाऱ्याचे ओझे त्याच्याहून जड असते.

बरे, नव्या घरात तरी त्याचे स्वागत झाले काय? डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाचा तो १८५४ ते १८५८ कुलप्रमुख होता, पण बिशपांनी त्याला मोकळा हात दिला नाही. धर्ममताच्या बाबतीत सामान्य श्रद्धावंतांचाही विचार घ्यावा, असा लेख त्याने १८५९ साली लिहिला, तर एका बिशपने त्याची रोमकडे तक्रार केली. जुने लोक म्हणत, हा आतून पहिल्यापासून रोमचाच होता. नवे म्हणत, हा आतून अजून प्रोटेस्टंटच आहे. तो परत येणार, अशी अफवा १८६२ साली वर्तमानपत्रात आली आणि त्याला जाहीर खुलासा करावा लागला.

१८६४ च्या जानेवारीत चार्ल्स किंग्जली या लेखकाने मासिकात लिहून टाकले की रोमच्या धर्मगुरूंना सत्याची चाड नसते, आणि त्यात न्यूमनचे नाव घेतले. हाच तो दुसरा प्रश्न. न्यूमनने शिवीला शिवी दिली असती तर लोक चार दिवसांत विसरले असते. त्याने आपल्या मताचा सगळा प्रवास, साल धरून, लिहून काढला. उभ्याने तासन्‌तास लिहीत, दर आठवड्याला एक भाग छापायला देत. तेच त्याचे ‘अपोलोजिया’ हे पुस्तक. इंग्रज वाचकांचे मत फिरले ते यामुळे. माझ्या दृष्टीने त्याचे उत्तर थोडक्यात असे होते: मी काल खोटे बोललो नाही, काल मला तेवढेच दिसत होते. शाळेत मुलाने एक उत्तर खोडून दुसरे लिहिले, तर आम्ही मास्तर त्याला लबाड म्हणत नाही. कशावरून खोडलेस, एवढे विचारतो.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती न्यूमनच्याच घरात आहे. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस हाही तितकाच प्रामाणिक. एकोणचाळीस कलमांवर सही करवत नाही म्हणून त्याने १८३० साली बेलिऑल कॉलेजची फेलोशिप सोडली, आणि पुढे चर्चपासून अगदी दूर, बुद्धिवादाकडे गेला. मधला भाऊ चार्ल्स तर निरीश्वरवादी झाला. एका आईची तीन मुले, तीन दिशा. तेव्हा त्याग केला म्हणून मत खरे ठरते, असे म्हणता येत नाही. त्यागाने माणूस खरा ठरतो. मत खरे की खोटे, ते मतालाच तपासून ठरवावे लागते. धर्मांतराविषयी बोलणारे, बाजूचे काय आणि विरोधी काय, या दोन गोष्टींची सरमिसळ फार करतात.

मग प्रामाणिक माणूस चुकला तर? १८७० साली पोप धर्मनिर्णयात प्रमादरहित आहे असा ठराव व्हॅटिकनच्या परिषदेत झाला. न्यूमनला तो ठराव त्या वेळी नको होता, पण झाल्यावर त्याने मानला. हे मला पटत नाही. आधी नको असलेली गोष्ट बहुमताने खरी कशी होते? तथापि १८७४ साली ग्लॅडस्टनने विचारले की कॅथलिक माणूस आता स्वतंत्र बुद्धीचा नागरिक राहील कसा, तेव्हा १८७५ साली ड्यूक ऑफ नॉरफोकला उद्देशून लिहिलेल्या पत्रात न्यूमनने सांगितले की मेजवानीनंतर पोपच्या नावाने पेला उचलायची वेळ आलीच, तर आपण तो आधी सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने उचलू, पोपच्या नावाने नंतर. शिवाय सदसद्विवेक म्हणजे मनाला येईल ते करण्याची मुभा नव्हे, असेही त्याने बजावले. तो या बुद्धीला ईश्वराचा आवाज म्हणतो. आपण तसे म्हणणार नाही. परंतु पोपच्या घरात राहून पोपला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला धैर्य लागते, हे कबूल केले पाहिजे.

चारच वर्षांनी, १८७९ साली, नव्या पोपने त्याला कार्डिनल केले. २०१९ साली त्याला संतपद मिळाले आणि २०२५ साली धर्माचार्य ही पदवी. ज्याच्यावर एकेकाळी रोमकडे तक्रार गेली होती, तोच हा माणूस. न्यूमन १८९० साली बर्मिंगहॅमला वारला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिसने, म्हणजे सहीपायी स्वतः फेलोशिप सोडणाऱ्या भावाने, त्याच्यावर एक पुस्तक छापले. ते पुस्तक कडवट आहे.