अंगाईतले बारगीर

इंदापूर

चि. भाचेबुवांस,

कोलकात्याच्या ऑफिसात एका मित्राने हसत हसत तुला ‘बर्गी’, म्हणजे आपला बारगीर, म्हटलं आणि तू भास्करपंतांच्या खुनाचा विषय काढून त्याचं तोंड बंद केलंस, हे वाचलं. तोंड बंद झालं, पण बोलणंही खुंटलं की रे! पुढच्या वेळी आधी त्याला गाव विचार. वर्धमान-बीरभूमकडचा निघाला, तर लहानपणी त्याला अंगाईतून आपल्याच बारगिरांची भीती घालून निजवलेलं असणार.

आपल्याकडे नागपूरच्या रघूजी भोसल्यांची बंगालची मोहीम म्हणजे १७५१ चा तह, वर्षाला १२ लाखांची चौथाई, आणि १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून मारलेले त्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर. तो दगा आपल्याला पाठ आहे. त्याआधी जळालेली गावं आपण एका ओळीत उरकतो. तिकडे गंगाराम नावाच्या कवीने ती लिहून ठेवलीत: पोथ्यांची ओझी घेऊन पळणारे ब्राह्मण, तराजू घेऊन निघालेले सोनार, वाटेतच बाळंत झालेल्या बायका. गंमत म्हणजे त्याच्या काव्यात मराठ्यांना धाडतो तो शंकरच, लोकांची पापं वाढली म्हणून! पुढे आपल्या लोकांचे अत्याचार बघून देवीच उलटते. शत्रूकडे असं दोन्ही बाजूंनी पाहणारा माणूस आपल्या बखरींत शोधून पाहा.

आणि ‘ते नागपूरकर, आपला काय संबंध’ असं तुझ्यासारख्या बारामतीकराने म्हणू नये. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेल्यावर याच रघूजींनी पेशवेपदासाठी पुढे केले ते तुमचे बाबूजी नाईक! जमलं नाही, हा भाग वेगळा.

म्हणून माफी मागत बसू नकोस. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांच्या वतीने माफी मागणं हेही मिरवणंच. नुसतं ऐक. मग भास्करपंतांचं नीट सांग. ते सगळं त्यालाही ठाऊक नसेल.

आपलं दुखणं सांगायचंच, तर उजनी धरणाचं सांग. लढाई नव्हती, पण गावं उठलीच. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. भिगवणला रोहित पाहायला आलेले पुणेकर तिथेही फोटो काढून जातात. आमच्या म्हाताऱ्यांना मात्र देवळाशेजारची घरं कुणाकुणाची, ते अजून सांगता येतं. खाली सोलापूरकराला विचार, तो म्हणेल उजनी म्हणजे नळाला आलेलं पाणी, उभा राहिलेला ऊस. खोटं बोलत नाही तो. २०२१ मध्ये इंदापूरसाठी ५ टीएमसी पाण्याचा आदेश निघाला, तेव्हा सोलापुरात आंदोलनं झाली आणि तो रद्द करावा लागला. आम्ही म्हणत होतो, गावं आमची बुडाली. ते म्हणत होते, आमचं पाणी पळवताय. त्या दिवसांत सोलापूरकडच्या माढ्यातल्या आपल्या सोयऱ्यांशी फोनवर मी फक्त लग्नकार्याचं बोललो. तेही शहाणे, त्यांनीही पाण्याचं नाव काढलं नाही. बरं केलं की वाईट, अजून ठरत नाही. तू मात्र त्या मित्राशी असं टाळाटाळीचं बोलू नकोस.

गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’चा डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६५ मध्ये निघाला होता. कॉलेज स्ट्रीटवर जुनी प्रत मिळाली तर घे. एकटा जाऊ नकोस, त्या मित्रालाच बरोबर ने. बंगालीतून भाव करायला माणूस हवाच. दिवाळीला येताना आण, पैसे देईन.

तुझा,
मामा