धुराला धुरा

आमच्या चंद्रपूरकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. माय सांगायची, "धुऱ्यापलीकडं ढोर जाऊ देऊ नोको." एवढ्याशा बोलण्यात गावाचं अर्धं नीतिशास्त्र आलं.

पण धुराचं काय? कोळसा जळतो एकीकडं अन् राख-काजळी बसते कोसभर पल्याडच्या मोहाच्या पानावर. पानाची बारीक छिद्रं बुजतात, झाडाला अन्न नीट करता येत नाही. धुरातलं गंधक अन् नत्र पावसासंगं जमिनीत उतरतं. नत्र म्हणजे खतच की, असं वाटेल. पण ते मापाबाहेर गेलं की मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. वरून कोळशाचा हाच धूर हवामान तापवतो, ऋतूंची घडी मोडतो. ऐन चैत्रात अवकाळी कोसळला की पहाटे वेचायच्या मोहफुलांचा चिखल होतो, घरातली तेलमिठाची सोय जाते.

युरोपातही एका देशाचा धूर दुसऱ्याच्या रानात उतरायचा. १९७९ साली जिनिव्हात देशांनी त्यावर करार केला. पुढं गंधक खूप घटलं. म्हणजे धुरालाही धुरा घालता येतो. पण तिथं भांडायला देश होते. आमचं जंगल कोणत्या पंचायतीत फिर्याद देणार?

वीज आम्हालाही पाहिजे; विहिरीवरची मोटार तिच्यावरच चालते. प्रश्न तिची काजळी कुणाच्या खात्यावर मांडायची, हा आहे. ढोर शिरलं तर आपण भरपाई देतो, कारण शेजारी दारात येऊन बोलतो. ज्याला बोलताच येत नाही, त्याचं देणं हे देणं नसतं काय?