बासनातले पुस्तक

धार ही पवार राजांची गादी. त्यामुळे माळव्याच्या या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. धार जिल्ह्यातील गंधवानी येथे अशाच एका घरी प्रार्थनेस जाण्याचा योग आम्हांस आला. प्रार्थना आटोपल्यावर घरच्या आजींनी ट्रंकेतून एक बासन काढले. आत सासऱ्यांचे मराठी पवित्र शास्त्र होते. काळ्या चामड्याची बांधणी, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, आणि पहिल्या कोऱ्या पानावर तीन पिढ्यांच्या जन्माच्या, बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या तारखा. जुनी पुस्तके जमविणारे एक गृहस्थ त्याला बरी किंमत द्यायला तयार होते.

आजी म्हणाल्या, "भाऊ, नातवंडं हिंदी शाळेत जातात. हे वाचणार कोण? विकलं तर पाप लागेल का, तेवढं सांगा."

आम्हांला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न सोबत आला.

जुन्या पुस्तकांचा, सुंदर बांधणीचा लोभ धरणे वाईट आहे काय? सरसकट तसे म्हणवत नाही. पौल तुरुंगात असताना त्याने तीमथ्याला जे आणावयास सांगितले, त्यात झग्याबरोबर पुस्तकेही होती, आणि चर्मपत्रे तर विशेषेकरून. बांधणारा पाने शिवतो, पाठीला बळकटी देतो, वर चामडे चढवितो, तेव्हा तो लिहिणाऱ्याच्या श्रमांचेच रक्षण करीत असतो. पण पृथ्वीवर साठविलेल्या संपत्तीला कसर लागते, असे प्रभूने बजावले आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याला हे वचन समजावून सांगावे लागत नाही.

आता एका पुस्तकाची हकिकत ऐका. इंग्लंडहून 1579 साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे 11 हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. ते 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली पुन्हा छापले गेले. तीन वेळा छापलेल्या या ग्रंथाची, त्या छपाईतली, एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? दोन वाटांनी आला.

पहिली वाट वाचणाऱ्यांची. मंगळूरकडील कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घराण्यांनी हे पुराण हातांनी उतरवून घेतले व पिढ्यान्‌पिढ्या वाचले. मराठी मुलुखापासून दूर राहणाऱ्या या लोकांच्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले.

दुसरी वाट जमविणाऱ्याची. विल्यम मार्सडेन यांचा मुख्य अभ्यास मलय भाषेचा. पण त्यांच्या संग्रहात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखितही येऊन पडले. त्यांनी आपली ग्रंथसंपदा हयातीतच लंडनच्या किंग्ज कॉलेजला देऊन टाकली. तेथून ती पुढे स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये गेली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये पूर्वी सेवा केलेले रेव्ह. जस्टिन अॅबट यांना ते हस्तलिखित तेथे आढळले, आणि 1923 साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले.

म्हणून संग्राहकाला नावे ठेवण्याची घाई आम्ही करणार नाही. जे आम्ही टाकून देतो ते तो उचलून ठेवतो. पण मार्सडेन यांच्या हस्तलिखिताचा उपयोग झाला तो त्यांनी ते दुसऱ्यांच्या हवाली केले म्हणून, आणि कोणीतरी ते उघडले म्हणून. आपल्या भाषेत एखादी गोष्ट 'बासनात बांधली' म्हणजे ती संपली, असेच आपण समजतो. पुस्तक बासनात असो की काचेच्या कपाटात, न उघडणाऱ्याला दोन्ही सारखेच.

योशीया राजाच्या काळी नियमशास्त्राचा ग्रंथ हरवला होता. तो शत्रूच्या देशात सापडला नाही. परमेश्वराच्या मंदिरातच सापडला! घरात असूनही तो हरवलेला होता. राजाने आपली वस्त्रे फाडली ती ग्रंथ पाहून नव्हे, तर त्यातील शब्द ऐकून.

दुसऱ्या खेपेस आम्ही आजींना एवढेच म्हणालो, "विकण्यात पाप नाही, आजी. ट्रंकेत वाळवीने खाल्ले तर ते अधिक वाईट. गरज असेल तर विका. पण तारखांचे पान आधी उतरवून घ्या, आणि एकदा नातवापुढे पुस्तक उघडा. हिंदीची अक्षरे आणि मराठीची अक्षरे एकच आहेत."

नातू दहा वर्षांचा. त्याने बोट ठेवून अक्षरे लावली. 'ळ' आला की तो अडखळे व अर्थासाठी आजीकडे पाही. आजी अर्थ सांगत. ज्या आजी 'हे वाचणार कोण' म्हणत होत्या, त्याच शिकवू लागल्या होत्या. पुस्तक आजही त्यांच्याकडेच आहे. पुढे कदाचित विकलेही जाईल. निर्णय त्यांचा आहे.

वाचकहो, आपल्याही घरी अथवा मंडळीच्या कपाटात असे एखादे बासन असेल. ते ओलीपासून दूर ठेवा, वरचेवर झटका. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ते एकदा वर्गात न्यावे, आणि मुलांना हात स्वच्छ धुवावयास सांगून त्यांच्याकडूनच एक पान वाचवून घ्यावे. चामडे पुस्तकाला काही वर्षे सांभाळील. त्यापुढे ते कोणाच्या मुखी राहील, हे आपणच ठरवावयाचे आहे.