बालकाचा मोडलेला जबडा आणि अकर्माचा प्रश्न

कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहण्याचा जो विचार गीतेच्या चौथ्या अध्यायात येतो, त्याची चर्चा बहुधा संन्यासाच्या संदर्भात होते. परंतु दोन-तीन वर्षांच्या बालकाचा जबडा मोडतो तेव्हा हाच प्रश्न शल्यचिकित्सकापुढे उभा ठाकतो. प्रौढाच्या जबड्यात टायटॅनियमची पट्टी स्क्रूंनी बसवून हाड सांधता येते. बालकाच्या जबड्यात मात्र दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर दाटीने वसलेले असतात आणि स्क्रू अंकुरात शिरला तर तो दात वेडावाकडा येतो किंवा उगवतच नाही. म्हणून हाड फारसे सरकलेले नसल्यास मऊ अन्न, वेदनाशामक आणि वारंवार तपासणी एवढ्यावरच भागवले जाते; सरकलेले असल्यास दातांचा साचा घेऊन ॲक्रिलिकची टोपी, म्हणजे कॅप स्प्लिंट, घडवतात, भूल देऊन ती जबड्याच्या खालच्या कडेभोवती फिरवलेल्या तारांनी आवळतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी काढतात. लहान वयात हाड लवकर जुळते, हे सुश्रुतसंहितेतही नोंदलेले आहे.

या संयमाला निष्क्रियता म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. हनुवटीवर आपटल्यामुळे कानापुढील सांध्यात बसणारा जबड्याचा माथा मोडला असेल, तर तोंड दीर्घकाळ बांधून ठेवल्याने सांधा हाडाने जखडतो, ज्याला अँकिलॉसिस म्हणतात, आणि मग तोंड उघडत नाही व जबड्याची वाढ खुंटते. त्यामुळे शस्त्र खाली ठेवणाऱ्या चिकित्सकाला जबड्याची हालचाल लवकर सुरू करून पुढे अनेक वर्षे वाढीवर लक्ष ठेवावे लागते, आणि हे उत्तरदायित्व शस्त्रक्रियेच्या उत्तरदायित्वाहून तसूभरही कमी नाही.

संमती आईवडील देतात, परिणाम मात्र पुढे मोठी होणारी व्यक्ती भोगते. क्ष-किरण चित्रात हाड तत्काळ सरळ दिसावे ही पालकांची ओढ स्वाभाविक असली, तरी त्या ओढीपेक्षा त्या भावी व्यक्तीचे हित वरचढ मानणे हाच येथे धर्म होय. मात्र अद्याप चालूही न लागलेल्या तान्ह्याचा जबडा मोडलेला आढळला आणि सांगितलेल्या कारणाशी दुखापत जुळत नसली, तर हात आवरण्याचा विवेक तिथे लागू पडत नाही; कोणी मारहाण केली काय, हे विचारणे, इतर हाडे तपासणे आणि संशय टिकल्यास बालसंरक्षण यंत्रणेला कळवणे चिकित्सकाला टाळता येत नाही.