कडू कंद आणि विज्ञानाचा तास

जंगलातला कडू कंद खाण्याजोगा करण्याची रीत आदिवासी गावांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगवळणी पडलेली असते. कंद सोलायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या आणि टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. कडूपणा पुरता उतरल्याशिवाय कुणी तो तोंडात घालत नाही. घाई केली तर घसा खवखवतो, ओकाऱ्या होतात.

या रीतीत रसायनशास्त्राचे निदान तीन धडे आहेत. पातळ चकतीमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. उकळल्यामुळे पेशींची आवरणं फुटतात. वाहतं पाणी बाहेर पडलेलं विष पुढे नेतं, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या संहतीतला फरक टिकतो आणि विसरण थांबत नाही. अशा घरातली मुलगी आश्रमशाळेत जाते आणि विसरण शिकते ते चंचुपात्रात टाकलेल्या जांभळ्या खड्यावरून. आजीच्या टोपलीशी त्याचा काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं काढली आणि ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नाच बसवला की आदिवासी संस्कृतीचा मान राखला, असं आपण धरून चालतो. चित्रं असावीत, नाचही असावा. विज्ञानाच्या तासाला मात्र मुलांच्या घरचं ज्ञान पुरावा म्हणून यायला हवं आणि त्याची तपासणीही व्हायला हवी. विषारी कंद वर्गात आणायची गरज नाही, बीट चालेल. जाड नि पातळ चकत्या, साठलेलं पाणी नि बदलत राहिलेलं पाणी. कुठे किती रंग उतरला ते मुलांनीच नोंदवावं. मग कुणीतरी विचारेल, राख कशाला? राखेचं पाणी हळदीला लाल करतं, म्हणजे ते आम्लारी आहे, इथवर वर्गात कळतं. कंदावर राख नेमकं काय करते, हे शोधायला निराळा प्रयोग आखावा लागेल. तो मुलांनाच आखू द्यावा.

असं शिकवणं आपल्याकडे घडलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबादला, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांची शाळाच कुरणात गेली. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये १९७२ साली १६ शाळांतून प्रयोगांवर उभं राहिलेलं विज्ञानशिक्षण सुरू झालं. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि प्रयोगही करावा लागे. २००२ साली सरकारने ते बंद केलं. मला तो निर्णय आजही अक्षम्य वाटतो.

आता अवघड भाग. घरचं सगळंच ज्ञान कसोटीला उतरत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. त्या वेळी भगताकडे नेणं जिवावर बेतू शकतं. दवाखाना गाठून प्रतिसर्पविष घेणं हाच मार्ग आहे. शिक्षकाने हे आडवळण न घेता सांगायलाच हवं. पण भगताची टिंगल केली की मूल गप्प होतं आणि घरी गेल्यावर घरचंच ऐकतं. त्यापेक्षा विचारावं : भगताकडे जाऊन बरे झालेल्यांना चावलेला साप विषारी होता का? विषारी असला तरी प्रत्येक दंशात विष उतरतं का? बरे न झालेल्यांच्या गोष्टी गावात किती सांगितल्या जातात? पुरावा कसा तोलायचा, हे आठवीतल्या मुलाला याहून चांगलं कुठे शिकायला मिळणार?

अडचण आश्रमशाळेच्या रचनेतही आहे. मूल सहाव्या-सातव्या वर्षी घरापासून तुटतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचली जातात, तेव्हा ते वार्षिक परीक्षेच्या तयारीत असतं. वटवाघळं आणि परागण, साखर आणि किण्वन, सगळं त्या झाडाखाली असतं आणि मूल नेमकं तिथे नसतं. वेळापत्रक बदलायला वर्षं लागतील. तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. आश्रमशाळेतले स्वयंपाकी आणि कामाठी पुष्कळदा त्याच भागातले असतात. कंद कसा धुतात, हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक असतं. आठवड्यातून एक तास त्यांना विज्ञानाच्या वर्गात शिक्षकाशेजारी उभं करावं आणि तो तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरावा.